रिपोर्ट निगेटिव्ह, पण अगरबत्तीचा वास येईना

ऑगस्ट २०२० मधली गोष्ट. पिंपरीतल्या एका वस्तीत संध्याकाळच्या वंदनेला घरातल्या ताईंनी मेणबत्ती लावली, अगरबत्ती पेटवली आणि म्हणाल्या, "हा पुडा सादळलाय वाटतं, वासच नाही." सुनेने चमकून पाहिले. खोलीभर वास दरवळत होता. दुपारी शेजारी सुकट भाजली होती, तीही ताईंना कळली नव्हती. दोन दिवस अंग मोडून आले होते, थोडी कणकण होती, इतकेच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नाकातून नमुना घेतला. ती झटपट होणारी अँटिजेन चाचणी होती. अर्ध्या तासात निगेटिव्ह आली. घराला हायसे वाटले. आम्हीही रिपोर्ट वाचून मान डोलावली, हे इथे कबूल केले पाहिजे. ताई धुण्याभांड्याच्या कामाला गेल्या. पाचव्या दिवशी त्यांच्या मालकांना ताप चढला आणि धाप लागली. मग दोघांची आरटी-पीसीआर झाली, दोघेही पॉझिटिव्ह. मालक बारा दिवसांनी घरी आले. ताई अजून म्हणतात, "कागदावर तर नाही म्हणून लिहिलं होतं."

कागद खोटा नव्हता. त्याचा अर्थ आपण चुकीचा लावला.

अँटिजेन चाचणीला जून २०२० मध्ये आयसीएमआरने परवानगी दिली, तेव्हाच तिची मर्यादाही सांगितली होती. त्यांच्या पडताळणीत ही चाचणी शंभर बाधितांपैकी सुमारे ५१ ते ८४ जणांनाच पकडत होती. म्हणून नियम असा होता की ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर खरी माना. निगेटिव्ह आली पण लक्षणे आहेत, तर आरटी-पीसीआर करा. ताईंना वास येत नव्हता, अंग दुखत होते. त्यांना तिथल्या तिथे दुसऱ्या चाचणीला पाठवायला हवे होते. गर्दीच्या ओपीडीत तेवढे कोणी विचारले नाही, आणि आपल्या माणसाला विचारायचे धाडस झाले नाही.

आरटी-पीसीआर जास्त बारकाईने पाहते, पण तिचेही दिवसावर अवलंबून असते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. संसर्ग झाल्याच्या पहिल्या दिवशी चाचणीत जवळपास काहीच सापडत नाही. लक्षणे सुरू होतात त्या दिवशी शंभरातले सुमारे ३८ बाधित निसटतात. त्यानंतर तीन दिवसांनी सर्वांत कमी, म्हणजे सुमारे २० निसटतात. पुढे चुकण्याचे प्रमाण पुन्हा वाढत जाते. नमुना नाकाच्या तोंडाशीच काडी फिरवून घेतला, लहान मूल हलले, नमुना उन्हात राहिला, तर फरक आणखी पडतो. म्हणून ताप कोणत्या तारखेला आला, हे डॉक्टरांना सांगणे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे "चार-आठ दिवस झाले" असे सांगायची सवय आहे. चार आणि आठ यांत सगळा फरक पडतो.

मग लक्षणांवरून ओळखता येते का? १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई आणि डॉ. यशवंत यांच्याकडे अशी काडी घालून करायची चाचणी नव्हती. ताप आणि गाठ पाहूनच रुग्ण ओळखायचा. प्लेगची गाठ निदान दिसत तरी होती. कोरोनाला तसे एक पक्के चिन्ह नाही. बाह्यरुग्णांवरचे जगभरचे अभ्यास एकत्र पाहणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्याचा निष्कर्ष असा, की एकट्या खोकल्यावरून किंवा एकट्या तापावरून 'आहे' किंवा 'नाही' ठरवता येत नाही. वास आणि चव जाणे हे मात्र वजनदार लक्षण होते. ब्रिटनमध्ये २०२० साली चाचणी झालेल्या लोकांत पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ६५ टक्क्यांना वास-चव गेल्याचे आढळले, निगेटिव्ह आलेल्यांत सुमारे २२ टक्क्यांना. आपल्या केंद्र सरकारने जून २०२० मध्ये हे लक्षण यादीत घातले. अगरबत्तीने ताईंना जे सांगितले, ते त्या पहिल्या रिपोर्टपेक्षा खरे होते.

आपल्या भागात खोकल्याचे आणखी एक दुखणे आहे. चाकणच्या फाउंड्रीत, ग्राइंडिंगवर काम करणारा बारा महिने खोकतो. पेंट शॉपमध्ये थिनरच्या वासात उभा राहणारा म्हणतो, "आमचं नाक कधीच गेलंय." मिश्री लावणाऱ्या आजीला चव कमीच लागते. अशा माणसाला 'खोकला आहे का' विचारून उपयोग नाही. 'कालच्यापेक्षा आज काय वेगळं वाटतंय' हे विचारावे.

आता साधे गणित. लाट जोरात आहे आणि वस्तीतल्या ताप आलेल्या शंभरांपैकी चाळीस जणांना खरोखर कोरोना आहे, असे समजा. चाचणी शंभरातले साठ बाधित पकडते, असे धरा. चाळिसातले चोवीस सापडतील, सोळा सुटतील. निगेटिव्हचा कागद हातात असलेले एकूण ७६, त्यांतले सोळा आजारी. म्हणजे जवळपास दर पाचांत एक. लाट ओसरल्यावर शंभरांत दोघेच बाधित असतील, तर निगेटिव्ह आलेल्या सुमारे ९९ जणांत एखादाच सुटलेला असेल. चाचणी तीच, कागद तोच, पण आजूबाजूला आजार किती आहे त्यावर त्याचे वजन बदलते. आणि वस्तीत आजार कमी नव्हता. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६ टक्के. एका नळावर, एका संडासाच्या रांगेत उभे राहणाऱ्यांच्या निगेटिव्हकडे म्हणून जास्त संशयाने पाहायला हवे होते. झाले उलटेच.

याची दुसरी बाजू कंपनीच्या गेटवर दिसली. बरा झालेला कंत्राटी कामगार गेटवर गेला की ठेकेदार म्हणायचा, "निगेटिव्ह आण, मग आत ये." ८ मे २०२० च्या केंद्राच्या धोरणात सौम्य आजाराच्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा चाचणी न करता सोडायचे होते. कारण आरटी-पीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेही टिपते आणि बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो. सुरुवातीला खासगी चाचणीची मर्यादा ४,५०० रुपये होती. ती ५०० वर आली मार्च २०२१ च्या अखेरीस. एका मुलाने तीनदा पैसे भरले आणि तीन आठवड्यांची मजुरी बुडवली. त्याच्या खोलीतल्या दुसऱ्याने हे पाहून ताप लपवला, गोळी खाऊन शिफ्टला गेला. त्याला दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: आजारपणाचा लाभ ईएसआयच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मिळतो. वर्गणीचे दिवस पुरे असतील तर पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. दाखला घेतल्याशिवाय घरी बसू नका.

आता विषाणू बदलला आहे. ओमायक्रॉनपासून वास जाणे कमी झाले, घसा दुखणे आणि नाक गळणे वाढले. बहुतेकांना सर्दीसारखेच होते. पण घरात सत्तरीचे आजोबा, साखरेचे रुग्ण, गरोदर सून असेल तर रिपोर्ट काहीही येवो, तापाचे दिवस संपेपर्यंत मास्क, वेगळे ताट, जमेल तेवढी उघडी खिडकी. एका खोलीच्या घरात वेगळी खोली कुठून आणणार? उशा तरी विरुद्ध दिशांना ठेवा.

धाप लागली, बोलताना दम तुटला, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर रिपोर्टची वाट पाहू नका. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला की दवाखाना गाठा. आकडा ठीक असूनही सहा मिनिटे चालल्यावर ९३ च्या खाली आला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला, तरी गाठा. नेलपॉलिश आणि मेंदी असेल तर आकडा फसवतो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी जास्तच दाखवते, म्हणून आकड्याइतकाच डोळ्यांवर विश्वास ठेवा.

आणि निगेटिव्ह खरेच निगेटिव्ह असेल, तर मग ताप कशाचा, हा प्रश्न उरतोच. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, त्याची रक्ततपासणी वेगळी. खोकला दोन आठवडे हटला नाही तर थुंकी तपासायची. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी व पालिकेच्या दवाखान्यात मोफत आहेत. 'कोरोना नाही ना, मग झालं' म्हणत घरी बसलेले दोन जण आम्ही गेल्या वर्षी थुंकीच्या तपासणीला नेले. एकाला क्षय निघाला.

त्या ताईंच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली कॅलेंडर टांगलेले असते. सिलिंडर कधी लावला, दूध किती घेतले, हे सून त्यावर लिहिते. हल्ली त्यात आणखी नोंदी दिसतात: '१४ ला रात्री बाळूला ताप', '१६ ला उतरला'. परवा दवाखान्यात तिने त्याच पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांपुढे धरला.