शल्यचिकित्सकाचा वंश : मिरजेच्या डॉ. वानलेस यांचे जीवन

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा आपल्या जिल्ह्यातील गावांत शल्यचिकित्सकाचे घर आणि रुग्णालय पुष्कळदा एकाच इमारतीत असते. खाली शस्त्रक्रियागृह, वर बिऱ्हाड. अपरात्री दाराची घंटा वाजली की सारे घर जागे होते. आपण वैद्य मंडळी आपले रुग्ण विश्वासाने तेथे धाडतो. समोरच्या औषधविक्रेत्याचा व्यवसायही त्याच दारावर उभा असतो. डॉक्टरांचे वय झाले, हात थकले, की ‘पुढे कोण?’ हा प्रश्न उभा राहतो. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी स्थिरावलेली असतात आणि एके दिवशी शस्त्रक्रियागृहास कुलूप लागते. या प्रश्नाचा विचार करताना मिरजेच्या डॉ. विल्यम वानलेस यांचे चरित्र उद्बोधक ठरते.

वानलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते पत्नी मेरी मार्शल यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. मिरज हे त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाचे लहानसे शहर होते. लहान दवाखान्यापासून आरंभ झाला आणि अमेरिकेतील जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून १८९४ मध्ये रुग्णालय उभे राहिले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. परंतु रुग्ण येत ते शस्त्रकर्मातील त्यांच्या हातगुणासाठी. १९०० मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान आणि पुढे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झाले. त्या परिसरास आजही वानलेसवाडी म्हणतात.

घरचे आयुष्य मात्र एकसंध राहिले नाही. सतरा वर्षांच्या सहजीवनानंतर १९०६ मध्ये मेरीबाई निवर्तल्या. पुढे त्यांनी लिलियन एमरी यांच्याशी विवाह केला. जवळजवळ चार दशकांच्या सेवेनंतर १९२८ मध्ये ते निवृत्त झाले; त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. अखेरची वर्षे कॅलिफोर्नियात गेली आणि १९३३ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

ते गेले, तरी रुग्णालय बंद पडले नाही. धुरा डॉ. चार्ल्स व्हेल या सहकाऱ्याने सांभाळली. त्यामागे वानलेस यांची दूरदृष्टी होती. रुग्णालय सुरू होऊन तीनच वर्षे झाली असताना, १८९७ मध्ये, त्यांनी येथील तरुणांसाठी वैद्यकीय शाळा काढली होती. स्वतःचे हात बळकट असतानाच त्यांनी दुसरे हात घडविण्यास घेतले. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते अशा पूर्वतयारीच्या भूमीवर.

आपल्या परंपरेने वंश दोन प्रकारचा मानला आहे : जन्माने चालणारा आणि विद्येने चालणारा. मिरजेतच दोहोंची उदाहरणे आहेत. शस्त्रे घडविणारी, त्यांना धार लावणारी शिकलगार घराणी तेथे सतार-तंबोरे करू लागली आणि ती कला पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिली. वानलेस यांचा वंश विद्येचा. सुश्रुताचार्यांनी ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर छेदनकर्माचा सराव सांगितला आहे. शास्त्र मुखोद्गत असूनही हाताला सराव नसलेला शिष्य कर्मास अयोग्य, हा त्याचा आशय आहे.

हा विषय आज आपल्या दारात आला आहे. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य या शाखांतील पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रकर्मे नमूद केली. त्यावर मोठा वाद झाला. अधिसूचनेने अधिकार मिळतो. हात मात्र अनुभवी शल्यविदाच्या शेजारी उभे राहूनच तयार होतो. २०२४ मध्ये बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यातून शल्यविद तयार होण्यास वर्षे लागतील, आणि तोवर आजचे अनेक अनुभवी हात निवृत्त झालेले असतील.

म्हणून संघटनेच्या तालुका शाखांनी निवृत्त शल्यचिकित्सकांना केवळ शाल-श्रीफळ देऊन थांबू नये. दरमहा एक सायंकाळ त्यांच्याकडून मागून घ्यावी. पोटदुखीच्या कोणत्या रुग्णास एक तासही थांबवू नये, जखमेचा पाक बाहेरून दिसण्यापूर्वी कसा ओळखावा, नातेवाइकांस अप्रिय वार्ता कशी सांगावी, हे ज्ञान त्यांच्या अनुभवात आहे. सामान्य चिकित्सा करणाऱ्या वैद्यास शस्त्र हाती घ्यायचे नसले, तरी रुग्ण वेळेवर पाठविण्यासाठी हे सारे हवेच. औषधविक्रेत्यांनीही या बैठकीस यावे. पोटदुखीचा रुग्ण पुष्कळदा प्रथम त्यांच्याच दुकानाची पायरी चढतो.

शल्यविदाच्या मुलांनी गावी परतावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांचे शिष्य होणे मात्र आपल्या हाती आहे.