आपल्याच कथेवरील हक्क

हिंदुस्थानात पटकीच्या साथीत आईबाप गमावलेली एक हट्टी पोर यॉर्कशायरातील वाड्यात जाते व तेथील कुलूपबंद बाग हुडकून काढते, ही ‘सीक्रेट गार्डन’ची कथा आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी मुलांच्या हाती पडली असेल. तिच्या कर्त्या फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांचे चरित्र आम्हांस त्या कथेइतकेच वाचनीय वाटते.

बाईंचा जन्म १८४९ साली मँचेस्टर येथे झाला. वडील लवकर वारले. अमेरिकेतील यादवीमुळे कापूस येईनासा होऊन गिरण्या थंडावल्या, तसे घरचे दुकानही बसले. १८६५ साली आई मुलांसह टेनेसी प्रांतात आपल्या भावाच्या आश्रयास गेली. तेथे दारिद्र्य असे की, मासिकाकडे गोष्ट धाडण्यास लागणारा कागद व टपालहशील यांसाठी रानद्राक्षे विकून पैसे जमवावे लागले! १८६८ पासून गोष्टी छापून येऊ लागल्या.

१८८६ साली ‘लिट्ल लॉर्ड फाँटलरॉय’ ही कादंबरी निघाली आणि घरोघरच्या आया मुलांना नायकासारखे मखमली पोशाख चढवू लागल्या. त्या मुलांनी बाईंना किती दुवा दिला असेल, हे आम्ही वाचकांच्या तर्कावर सोडतो.

परंतु त्या वेळचा इंग्लंडातील कायदा मोठा विलक्षण होता. कादंबरी छापण्याचा हक्क ग्रंथकाराचा. पण तिचे नाटक करून रंगभूमीवर आणण्यास कोणासही मुभा! १८८८ साली सीबोम नामक गृहस्थाने तसे नाटक लंडनात लाविले. प्रकाशकांमार्फत फिर्याद झाली. प्रयोगास हरकत घेता येत नव्हती. म्हणून दुसराच मुद्दा काढण्यात आला. सीबोम यांनी नाटकाच्या चार प्रती केल्या होत्या, पैकी एक सरकारी परवान्याकरिता, आणि त्यांत कादंबरीतील संवाद जसेच्या तसे उतरले होते. ही प्रत काढणे हाच हक्कभंग होय, असे न्यायमूर्ती स्टर्लिंग यांनी ठरविले. आता प्रतीवाचून नाटक बसवावयाचे कसे? बाईंनी त्याच वर्षी स्वतःचे नाटक टेरीज थिएटरात आणिले. ग्रंथकारांच्या संस्थेने कृतज्ञतेने त्यांना हिऱ्यांचे कंकण अर्पण केले.

दोनच वर्षांनी थोरला मुलगा लायनेल क्षयाने गेला. तरी लेखणी थांबली नाही. ‘सेरा क्रू’ या आपल्या जुन्या गोष्टीचे बाईंनी १९०२ साली नाटक केले, व त्या नाटकातून १९०५ साली ‘अ लिट्ल प्रिन्सेस’ ही कादंबरी वाढविली. १९११ च्या कायद्याने कादंबरीचे नाटक करण्याचा हक्क इंग्लंडात ग्रंथकाराच्याच स्वाधीन झाला. ‘सीक्रेट गार्डन’ त्याच साली पुस्तकरूपाने निघाली. १९२४ साली बाई अमेरिकेत निवर्तल्या.