आशियाई चषक आणि आठ सेकंद

हॉकीच्या जगज्जेतेपदाची व ऑलिंपिकची वार्ता आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा ठाऊक असते. परंतु ज्या लहान दारांतून त्या मोठ्या मंडपांत शिरावें लागतें, त्या दाराकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. स्त्रियांच्या हॉकीपुरतें बोलावयाचें तर आपल्या खंडाचें असें दार म्हणजे आशियाई चषक. त्याची ओळख आमच्या वाचकांस, विशेषतः मुलींच्या पालकांस, करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पुरुषांचा आशियाई चषक १९८२ सालीं सुरू झाला. स्त्रियांचा त्यानंतर तीन वर्षांनीं, १९८५ सालीं, दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथें. पहिला मान यजमानांनींच मिळविला. २०२५ पर्यंत झालेल्या अकरा स्पर्धांत दक्षिण कोरिया, चीन व जपान यांनीं प्रत्येकीं तीन वेळां आणि भारतानें दोन वेळां चषक जिंकला आहे. पांचव्या राष्ट्राचें नांव त्यावर नाहीं. भारतानें तो प्रथम २००४ सालीं नवी दिल्ली येथें जपानवर एका गोलानें मात करून मिळविला. दुसऱ्या विजयासाठीं पुढें तेरा वर्षें वाट पाहावी लागली.

या स्पर्धेस एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंत जागा मोजक्या असतात, आणि खंडाच्या विजेत्या संघास तेथें थेट प्रवेश देण्याची पद्धत आहे. इतरांस दुसरे मार्ग शोधावे लागतात. म्हणून आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यांत केवळ एक चषक नव्हे, तर पुढील मोठ्या स्पर्धेचें प्रवेशपत्रही पणास लागलेलें असतें.

२०१७ ची स्पर्धा या दृष्टीनें अभ्यासण्यासारखी आहे. ती जपानमधील काकामिगाहारा येथें झाली. आठ राष्ट्रांचे दोन गट पाडले होते. राणी रामपाल हिच्या नेतृत्वाखालीं भारतानें सिंगापूरवर दहा गोल केले, चीनला ४-१ असें आणि मलेशियाला २-० असें हरविलें. पुढें कझाकस्तानचा व उपांत्य सामन्यांत खुद्द यजमान जपानचा पराभव केला. ५ नोव्हेंबर रोजीं अंतिम सामन्यांत पुन्हा चीनच समोर आला. नवज्योत कौरनें भारताचा गोल केला. अखेरच्या पंधरा मिनिटांत चीननें पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. साठ मिनिटें संपलीं तेव्हां दोन्ही बाजूंस एकएक गोल होता.

अशा वेळीं निकाल शूट-आऊटनें लावतात. एक खेळाडू चेंडू घेऊन तेवीस मीटरांच्या रेषेवर उभी राहते. समोर केवळ प्रतिपक्षाची गोलरक्षक. पंचाची शिटी होतांच आठ सेकंदांत गोल करावयाचा. गोलरक्षक पुढें सरसावली तर फटक्यास मिळणारी मोकळी जागा आकुंचित होते, पण तिला वळसा घालून चेंडू नेण्याचा धोका वाढतो. जागीं थांबली तर सारी चौकट उघडी राहते. म्हणून शहाणी गोलरक्षक पुढें येते, पण घाईनें अंग टाकीत नाहीं. हुलकावणीला न भुलतां ती चेंडूवरच दृष्टि ठेवते; कारण सरणारा प्रत्येक सेकंद तिच्या बाजूचा असतो. प्रत्येक संघास असे पांच प्रयत्न मिळतात. तरीही बरोबरी राहिली, तर एकेक प्रयत्न देऊन निकाल लागेपर्यंत खेळ चालतो.

त्या दिवशीं पांच प्रयत्नांनंतर ४-४ अशी बरोबरी झाली. मग गोलरक्षक सविता हिनें चीनचा प्रयत्न अडविला, राणीनें आपला साधला, आणि भारतास चषकासह २०१८ च्या लंडन येथील जगज्जेतेपद-स्पर्धेंत प्रवेश मिळाला. तेथें उपांत्यपूर्व सामन्यांत आयर्लंडनें भारताला त्याच शूट-आऊटनें हरविलें, हेंही सांगितलें पाहिजे. ज्या नियमानें दार उघडलें, त्यानेंच पुढचें बंद केलें; नियमाला पक्ष नसतो.

या दोघी कोणत्या घरांतून आल्या, हें पालकांनीं अवश्य लक्षांत घ्यावें. राणी ही हरियाणांतील शाहाबादच्या एका गाडीवानाची कन्या. सविता त्याच प्रांतांतील एका खेड्यांतली. तिनें हॉकी खेळावी ही इच्छा प्रथम तिच्या आजोबांची. आणि हें केवळ उत्तरेकडेच घडतें असें नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत चीनमधील हांगचौ येथें खेळलेल्या भारतीय संघांत वैष्णवी फाळके व ऋतुजा पिसाळ या सातारा जिल्ह्यांतील दोन मुली होत्या. अंतिम सामन्यांत नवनीत कौरनें पहिल्याच मिनिटास गोल केला; तथापि चीन ४-१ असा विजयी झाला आणि प्रवेशपत्र त्याच्याकडे गेलें. भारतास दुसऱ्या मार्गाकडे वळावें लागलें.

आठ सेकंदांत शांत राहण्याची शक्ति आठ सेकंदांत येत नाहीं. ती वर्षानुवर्षें रोज सायंकाळीं मैदानावर थोडीथोडी सांठते. तेव्हां मुलगी काठी हातीं घेऊन निघाली असतां, ‘आतां पुरे झाला खेळ,’ असें म्हणण्यापूर्वीं पालकांनीं त्या आजोबांचें स्मरण करावें, एवढीच आमची विनंति आहे.