‘कार्ड गेलंय, नवीन टाका!’ पण खरंच टाकायलाच हवं का? खसखशीएवढ्या पार्टची गोष्ट

मुंबई : मोबाइल असो, सेट-टॉप बॉक्स असो की मोटारीचा ऑटो स्टार्टर, बिघडला की मेकॅनिकचं एकच वाक्य ठरलेलं, ‘कार्ड गेलंय, नवीन टाका.’ जुन्या रेडिओचा पार्ट तर गावातच बदलून मिळायचा. मग आता काय बदललं? उत्तर आहे एसएमटी, म्हणजेच सरफेस माउंट टेक्नॉलॉजी.

आधी काय होतं?
पूर्वी प्रत्येक पार्टला तारेचे पाय असायचे. कार्डाला भोकं पाडून ते पाय आरपार घालायचे आणि मागून कावियाने डाग द्यायचा. इलेक्ट्रॉनिक्स मालाच्या निर्यातीसाठी १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला ‘सीप्झ’ वसाहत उभी राहिली, तेव्हा जगभर मुख्यतः हीच पद्धत होती. १९८० च्या दशकात एसएमटी झपाट्याने पसरली. पार्टचे पाय गेले, भोकं गेली. पार्ट थेट कार्डाच्या पृष्ठभागावर बसू लागले.

पार्ट बसतात कसे?
रांगोळीचा छापा असतो तशी बारीक छिद्रांची पातळ स्टीलची पट्टी कार्डावर ठेवतात. तिच्यावरून सोल्डर पेस्ट फिरवली की हव्या त्या जागीच पेस्ट लागते. मग मशीन एकेक पार्ट हवेने ओढून उचलतं आणि पेस्टवर ठेवतं. काही पार्ट फक्त १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढे! शेवटी कार्ड भट्टीतून जातं. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून भट्टीत तापमान २४० अंशांच्या आसपास नेतात. सगळे डाग एकदमच बसतात. नंतर कॅमेरा तपासणी करतो.

मुंबईच्या दमट हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. चिपमध्ये ओल शिरली असेल तर भट्टीत तिची वाफ होते आणि चिपला तडा जातो. म्हणून चिप हवाबंद पाकिटात ठेवतात.

दुरुस्ती होते का?
होते, पण साध्या कावियाने नाही. त्यासाठी गरम हवेची गन, भिंग आणि सरावलेला हात लागतो. स्टार्टरच्या कार्डात रिले, फ्यूजसारखे मोठे पार्ट अनेकदा जुन्याच पद्धतीने बसवलेले असतात. तेवढंच जळालं असेल तर तो पार्ट बदलून काम भागू शकतं.

हे लक्षात ठेवा
- मोबाइलचं कार्ड बदलण्याआधी विचारा, ‘माझे फोटो राहतील का?’ मेमरीची चिप त्याच कार्डावर असते. कार्ड गेलं की बॅकअप न घेतलेले फोटो, कागदपत्रंही गेली.
- भिजलेला मोबाइल लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका. ओल्या कार्डात वीज गेली की बारीक डाग गंजतात, पार्ट जळतात.
- विजा चमकायला लागण्याआधीच मोटारीचा मेन स्विच पाडून ठेवा.
- कार्ड बदललंच, तर जुनं मागून घ्या. दुसऱ्या मेकॅनिकला दाखवता येतं.

दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. गावातल्या एखाद्या पोराने हे काम नीट शिकून घेतलं, तर एका पार्टपायी अख्खं कार्ड फेकायची वेळ कमी येईल.