उन्हातला फोटो आणि काळवंडलेले चेहरे : भर दुपारी फ्लॅश कशाला?



आमच्या वैरागकडे आषाढात पाऊस दडी मारतो आणि ऊन मात्र चटके देतं. अशाच एका दुपारी आम्ही बालदिंडीचे फोटो काढले. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, मुलींच्या डोक्यावर तुळस. ग्रुपवर टाकल्यावर एका आईनं दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारलं, "सर, ह्यात माझी पोरगी कुठं हाय?" पोरगी पहिल्याच ओळीत होती. पण तिच्या तोंडाच्या जागी नुसता काळा डाग! टोप्या मात्र लख्ख. त्या माउलीकडे पोरीचा दुसरा धड फोटोही नव्हता. मला फार लागलं ते.

चूक माझीच होती. पांढऱ्या कपड्यांमुळे कॅमेरा उजेड कमी धरतो, त्यात सूर्य डोक्यावर. वैराग साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर माथ्यावर येतो. (शून्य सावलीचा पाठ घ्यायला हेच दिवस.) सावली पायाखाली जाते, तशीच टोपीची सावली सरळ डोळ्यांवर पडते. ही सावली भरून काढायला भर उन्हात फ्लॅश मारायचा. याला फिल फ्लॅश म्हणतात. फ्लॅश अंधारासाठीच, हा आपला गैरसमज.

आता खरी अडचण. एकट्या मुलाचा फोटो काढताना मागच्या मोटारसायकली, पाण्याची टाकी दिसू नये म्हणून आपण लेन्सचं छिद्र मोठं ठेवतो, म्हणजे एफ २.८ वगैरे. मागचं सगळं धूसर होतं, चेहरा उठून दिसतो. पण छिद्र मोठं म्हणजे ऊनही बदाबदा आत येणार. आयएसओ १०० असताना स्वच्छ उन्हात एफ २.८ ला शटर १/३२०० सेकंद लागतं. आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या पुढे शटरशी जुळतच नाही.

का जुळत नाही? वर्गातल्या खिडकीला दोन पडदे आहेत असं समजा. पहिला सरकून खिडकी उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. शटर सावकाश असेल तर एक क्षण अख्खी खिडकी उघडी असते, फ्लॅश तेव्हाच चमकतो. शटर फार जलद केलं की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठीला लागूनच निघतो, मध्ये फक्त एक फट सरकत राहते. फ्लॅशचा उजेड त्या फटीपुरताच पडतो, बाकी पट्टा फ्लॅशविनाच राहतो.

१/२०० वर थांबलात तर उन्हाला छिद्र एफ ११ लागतं. एफ २.८ वर सोळापट जास्त उजेड, म्हणजे फोटो पांढरा फटक. मार्ग दोन. एक, लेन्सला एनडी १६ नावाची काळसर काच लावायची, ती उजेड सोळावा हिस्सा करते. लेन्सला जणू गॉगल! पण गॉगल फ्लॅशचाही उजेड अडवतो, हे विसरू नका. कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश (गाइड नंबर १२ धरू) एफ ११ ला जेमतेम एक मीटर पुरतो, एनडी लावल्यावरही तेवढाच. दुसरा मार्ग हाय स्पीड सिंक. त्यात फ्लॅश एकदाच न चमकता भराभर लुकलुकतो, फट सरकते तोवर. सोय आहे, पण जोर बराच कमी पडतो आणि तसा वेगळा फ्लॅश विकत घ्यावा लागतो. दोन्हीकडे उपाय तोच, जवळ जा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई.

फ्लॅशची ताकद मात्र पूर्ण नको, उणे १ ते उणे १.७ ठेवा. त्यानं अंतरातही थोडी सवलत मिळते. सावली पुसायची नाही, उजळायची. काहीजण नंतर मोबाइलवर ब्यूटी फिल्टर लावून पोरं गोरी करतात, ते मला अजिबात पटत नाही. सावळं पोर सावळंच दिसावं, फक्त दिसावं!

चाळीस मुलांच्या फोटोला हे सगळं नको. तिथं मोठं छिद्र कामाचंच नाही, मागच्या ओळी धूसर होतील. सरळ लिंबाच्या एकसारख्या सावलीत उभं करा.

आणि मोबाइलवाल्यांनो (म्हणजे आपण बहुतेक सगळेच), मोबाइलचा एलईडी दिवा उन्हापुढे काहीच नाही. मुलाची पाठ सूर्याकडे करा, स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून उजेड वाढवा आणि एकाला पांढरा मोठा कार्डशीट छातीच्या उंचीवर धरायला सांगा. त्यावरून परतलेलं ऊन टोपीखाली शिरतं. आम्ही त्या मुलीचा फोटो असाच पुन्हा काढला, कार्डशीट तिच्याच मैत्रिणीनं धरला होता. उजेडानं डोळे मिचकावत होती, म्हणून आधी मिटायला लावले आणि "तीन" म्हटल्यावर उघडायला सांगितले.