यवतमाळच्या माळावर लांब पल्ल्याचा आठवडा

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेले असल्यामुळे येथून बाहेर पडणारे बहुतेक मोठे रस्ते, मग ते कळंबवरून वर्ध्याकडे जाणारे असोत, आर्णीकडे उतरणारे असोत किंवा करळगावच्या घाटाने बाभूळगाव-धामणगावच्या दिशेस वळणारे असोत, आधी खाली उतरतात. आणि साहजिकच पहाटे हौसेने धावावयास निघालेल्या माणसाच्या वाट्याला जाताना उतार आणि परतताना, नेमके पाय थकलेले असताना, चढ येतो. ही भौगोलिक व्यवस्था प्रथमदर्शनी जाचक वाटते खरी. परंतु लांब पल्ल्याच्या धावण्याचे पहिले तत्त्व म्हणजे आरंभीचा संयम, आणि तो शिकविण्याच्या कामी या रस्त्यांइतका कडक गुरू दुसरा मिळणे कठीण. उतारावर जो वाहवत गेला, त्याची परतीच्या चढावर पुरती दमछाक होते.

अर्धमॅरेथॉनचा पल्ला २१.०९७५ किलोमीटरांचा आणि पूर्ण मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटरांचा. हे आकडे यवतमाळकराच्या परिचयाच्या भूगोलात बसवावयाचे झाले, तर पहिला पल्ला म्हणजे जवळजवळ शहरापासून कळंबच्या चिंतामणीच्या देवळापर्यंतची वाट, आणि दुसरा म्हणजे साधारणतः दारव्ह्यापर्यंतची मजल. एस्. टी. ने जो प्रवास आपण वर्तमानपत्र चाळीत करतो, तो आपल्या दोन पायांनी, न थांबता, धावत पुरा करावयाचा, असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. परंतु कचेरीत दिवसभर खुर्चीवर बसणारा कारकून, शाळेतील शिक्षिका, दुकानदार किंवा दवाखाना चालविणारा डॉक्टर, यांपैकी कोणीही निरोगी माणूस काही महिन्यांच्या शिस्तबद्ध तयारीने हे अंतर आटोक्यात आणू शकतो. प्रश्न अंगच्या असामान्य शक्तीचा फारसा नसतो. तो आठवड्याच्या मांडणीचा असतो.

मराठी माणसाला हा खेळ परका नाही, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील मुले पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्याच पुढाकाराने १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकसाठी हिंदी खेळाडूंचे पथक रवाना झाले. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन सुमारे २ तास ५१ मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक पटकाविला. त्या वर्षीचा मार्ग आजच्यापेक्षाही अर्ध्या किलोमीटरहून थोडा अधिक लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरांचा होता, कारण ४२.१९५ हे अंतर जागतिक संघटनेने कायम केले ते १९२१ मध्ये. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पराक्रमाचे आपल्या पाठ्यपुस्तकांत नावही आढळू नये, याची मला मनस्वी खंत वाटते. अलीकडच्या काळात आपल्या शेजारच्या मराठवाड्यातील परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला.

आता प्रत्यक्ष आठवड्याकडे वळू. २००४ साली सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत भरते, आणि विदर्भातील हौशी धावपटूंची नजर बहुधा तिच्याकडेच असते. तेव्हा आपण विचारात घेऊ तो आठवडा डिसेंबरातला, ज्या वेळी पहाटेचा गारवा धावण्यास पोषक असतो आणि दमाचा मोठा भाग आधीच्या दोन-तीन महिन्यांत कमावून झालेला असतो. अशा धावपटूचे आठवड्याचे एकूण अंतर पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास असावे, असे धरू. नवशिक्याची पहिली चूक अशी की, तो ही बेरीज सात दिवसांत सारखी वाटून टाकतो आणि प्रत्येक दिवशी मध्यम वेगाने, म्हणजे ना धड सावकाश ना धड जलद, धावतो. अशाने विश्रांतीही मिळत नाही आणि वेगही वाढत नाही.

खरी मांडणी याच्या उलट आहे. आठवड्यातील एक दिवस लांबच्या पल्ल्याचा, एक दिवस जोराचा, आणि उरलेले सारे दिवस एकतर मंद धावण्याचे किंवा पूर्ण विसाव्याचे. सोमवारी पायांना सक्तीची रजा. मंगळवारी नेहरू स्टेडियमवर किंवा गोधनी रस्त्याने सहा-सात किलोमीटर, तेही इतक्या सावकाश की सोबत्याशी घरच्या गोष्टी पूर्ण वाक्यांत बोलता आल्या पाहिजेत. वाक्य मध्येच तुटू लागले की वेग मर्यादेबाहेर गेला, असे निःशंक समजावे. ही साधी कसोटी मनगटावरच्या महागड्या घड्याळाइतकीच भरवशाची आहे.

मंद धावण्यावर इतका भर का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे रास्त आहे. सावकाश आणि दीर्घकाळ धावल्याने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या तंतुकणिका वाढतात आणि शरीर साखरेऐवजी चरबी अधिक प्रमाणात जाळण्यास सरावते. ही सर्व कामे मंद गतीतही उत्तम होतात, आणि त्यांसाठी शरीराला द्यावी लागणारी किंमत मात्र फार थोडी असते. शिवाय एक गोष्ट अशी की, हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, पण अस्थी आणि स्नायुबंध यांना बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. दम वाढला म्हणून वेग वाढविणारा मनुष्य म्हणूनच हमखास नडगीच्या किंवा टाचेच्या दुखण्याने अंथरूण धरतो. आपला शेतकरी नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच हंगामात खोल नांगरटीस जुंपीत नाही; तोच विवेक येथे हवा.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने हे तत्त्व जगाला पटवून दिले. पादत्राणांच्या कारखान्यात काम करणाऱ्या या माणसाने प्रथम वर्षानुवर्षे स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले आणि मग ऑकलंडमधल्या आपल्या शेजारपाजारच्या पोरांना दर रविवारी डोंगराळ वाटेवर बावीस मैल, म्हणजे पस्तीस किलोमीटर, धावावयास लावले. त्याच पोरांपैकी पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली. स्नेलची शर्यत अवघी आठशे मीटरांची, आणि तिच्यासाठीही पस्तीस किलोमीटरांचा रविवार! ज्यांना सावकाश धावणे कमीपणाचे वाटते, त्यांनी या एका वस्तुस्थितीवर शांतपणे विचार करावा.

बुधवार हा जोराचा दिवस, आणि त्यासाठी करळगावच्या घाटाकडे जावे. रहदारी सुरू होण्यापूर्वी, वळणापासून दूर असा एखादा सरळ चढ निवडून, साठ ते नव्वद सेकंद नेटाने वर धावावयाचे आणि चालत खाली यावयाचे, अशी सहा-आठ आवर्तने पुरेशी होतात. चढावर पावलांचा आघात सपाटीपेक्षा कमी बसतो, मांड्या आणि नितंबांचे स्नायू मात्र पुरते कामास लागतात. मुंबईच्या मार्गावर अखेरच्या टप्प्यात पेडर रोडचा जो चढ लागतो, त्याची धास्ती या घाटात घाम गाळलेल्या माणसास सहसा वाटत नाही. गुरुवारी पुन्हा मंद फेरी. तीविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. शुक्रवारी धावणे बंद आणि त्याऐवजी बैठका, एका पायावर टाच उचलणे, पोटाचे व्यायाम. विदर्भात तर व्यायामाची परंपरा मोठी: १९१४ साली स्थापन झालेले अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, आणि मल्लखांब, दंड-बैठका यांची गोडी लावण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. धावपटूने या देशी व्यायामाला दुय्यम लेखू नये. शनिवारी चार-पाच किलोमीटर धावून रात्री लवकर निजावे.

रविवारची तयारी शनिवारच्या जेवणापासूनच सुरू होते. माणूस दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला स्थूलमानाने एक किलोकॅलरी खर्च करतो. म्हणजे साठ किलो वजनाच्या धावपटूचा खर्च किलोमीटरला साठ. यकृत आणि स्नायू मिळून साखरेचा जो साठा करतात तो सुमारे पाचशे ग्रॅमांचा, म्हणजे दोन हजार किलोकॅलरींचा. पूर्ण मॅरेथॉनचा खर्च अडीच हजारांच्या घरात जातो. आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढे भलेभले धावपटू एकाएकी गलितगात्र होतात त्याचे मुख्य कारण ही तूट आहे. ती भरून काढण्याचे मार्ग दोनच: चरबी जाळण्याची सवय मंद धावण्याने लावावयाची, आणि वाटेत थोडेथोडे खात राहावयाचे. शनिवारी रात्री तेलकट-तिखट टाळून पोळी, वरण-भात. रविवारी निघण्यापूर्वी केळे. आणि खिशात गुळाचे खडे किंवा खजूर. पचनाचा सरावही धावण्याइतकाच आवश्यक असल्यामुळे, जे शर्यतीत खावयाचे तेच या रविवारी खाऊन पाहावे.

पहाटे पाचला शहराची वस्ती मागे पडते तेव्हा अंधार गडद असतो. वाहनांच्या समोरून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने, डोक्याला दिवा आणि अंगावर चकाकणारी पट्टी बांधून धावावे. डांबराच्या कडेची मुरमाड पट्टी पायांना मऊ लागते, परंतु तीवर उजाडल्याशिवाय उतरू नये. एकट्याने जाण्यापेक्षा तिघा-चौघांनी जावे, आणि स्त्रियांनी तर रस्ते सुरक्षित होईपर्यंत गटानेच जावे. हे सांगावे लागते ही गोष्ट समाजाला भूषणावह नाही. फटफटीत होऊ लागले की दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली पांढरी शेते दिसू लागतात, आणि जिनिंगकडे गेलेल्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांतून उडालेले कापसाचे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून वाऱ्याने हलताना दिसतात. दहाव्या-अकराव्या किलोमीटरवर, घड्याळाकडे न पाहता, मागे फिरावे. येथपर्यंत ज्याने उताराचा मोह आवरला त्याला परतीच्या चढावरही बोलता येते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-चार घोट लिंबू, साखर, मीठ घातलेले पाणी घ्यावे. घरी पोचल्यावर बनियनवर मिठाचे पांढरे वर्तुळाकार डाग उमटलेले दिसले, तर पुढच्या रविवारी मीठ किंचित वाढवावे. दर चौथ्या आठवड्यात हे अंतर तिसऱ्या हिश्श्याने उतरवावे, आणि एखादा दिवस आजारपणाने बुडाला तर तो दुसऱ्या दिवशी वसूल करण्याच्या भरीस मुळीच पडू नये.

उन्हाळ्यात हा सगळाच शिरस्ता बदलावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो आणि सूर्योदयानंतर तासाभरात जमीन तापू लागते. अशा दिवसांत लांब पल्ला सोडून द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात काळी माती बुटांना थापीसारखी चिकटते, तेव्हा शेतवाटा टाळून डांबरी रस्त्यावरच राहावे.

यवतमाळकराला मुंबईत खरी अडचण येते ती अंतराची नव्हे, हवेची. कोरड्या थंडीत तयार झालेले शरीर घाम वाळवून थंड राहण्यास सरावलेले असते. समुद्रकाठच्या दमट हवेत तोच घाम अंगावरून नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि अंगातील उष्णता साठत जाते. उष्म्याशी जुळवून घेण्यास शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. इतकी रजा कोणत्या कचेरीत मिळणार? म्हणून अखेरच्या दोन आठवड्यांत, अंतर निम्म्याच्या आसपास उतरविलेले असताना, मंद फेऱ्यांपैकी काही पहाटेऐवजी दुपारी चारच्या उन्हात, अंगात एक सदरा जास्त घालून कराव्यात. आणि प्रत्यक्ष शर्यतीच्या दिवशी पहिल्या दहा किलोमीटरांत आपल्या रविवारच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद सावकाशच धावावे, आणि प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी, तहान नसली तरी, एखादा घोट घेऊन उरलेले पाणी मानेवर ओतावे.