सरहद्दीवरील सख्य आणि जमिनीचे खत

अमेरिकन किशोरवाङ्मयात सरहद्दीवरच्या मैत्रीचा विषय पुनःपुन्हा येतो, यात नवल नाही. कारण ज्या मुलखात वडीलधाऱ्यांचे सर्व व्यवहार बंदुकीने नाहीतर खरेदीखताने उरकले गेले, तेथे दोन मुलांचा स्नेह हा एकच व्यवहार लेखकांना निष्कलंक वाटावा, हे स्वाभाविक होते. मात्र त्या स्नेहाच्या पायाखालची जमीन कोणाची, या प्रश्नाला अशी कादंबरी कसे सामोरे जाते, यावरच तिची खरी पारख होते.

न्यूबेरी पदकाच्या दोनदा मानकरी ठरलेल्या एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर यांची ‘द साइन ऑफ द बीव्हर’ ही १९८३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. काळ १७६८चा, स्थळ मेनचे अरण्य. आई आणि भावंडांना आणण्यासाठी वडील निघून गेल्यावर बारा-तेरा वर्षांचा मॅट नव्या झोपडीच्या राखणीला एकटा राहतो. एक भटका इसम त्याची बंदूक लांबवतो, अस्वल धान्याची नासाडी करते, आणि मधाच्या लोभाने झाडावर चढलेल्या या मुलाला मधमाश्यांनी फोडून काढल्यावर साकनिस नावाचा पेनॉबस्कॉट जमातीतील वृद्ध त्याचे प्राण वाचवतो. या उपकाराच्या मोबदल्यात मॅटने आपला नातू अटीन याला अक्षरओळख करून द्यावी, असा करार साकनिस ठरवतो.

पाठ्यपुस्तक म्हणून हाताशी असते ‘रॉबिन्सन क्रूसो’. फ्रायडे गुडघे टेकून क्रूसोचे पाऊल आपल्या मस्तकावर ठेवतो, तो प्रसंग येताच अटीन संतापून उठतो, आणि आपण आजवर निःशंकपणे वाचलेली कथा दुसऱ्या बाजूने कशी दिसते, हे मॅटला प्रथमच कळते; पुढे तो कोणता भाग वाचावा आणि कोणता गाळावा, याचा विचार करू लागतो. इकडे अटीन त्याला फास लावायला, मासे मारायला, धनुष्य बनवायला शिकवतो, आणि झाडावर कोरलेली बीव्हरची खूण ही आपल्या कुळाच्या शिकारीची हद्द असल्याचे दाखवतो. म्हणजे वहिवाट, हद्द आणि हक्क या गोष्टी गोऱ्यांच्या दस्तऐवजांपूर्वीही तेथे नांदत होत्या.

अटीनच्या आईला गोऱ्यांनी टाळूच्या इनामासाठी मारले होते, असे कादंबरी सांगते. आणि हा कल्पनाविलास नव्हे. ३ नोव्हेंबर १७५५ रोजी मॅसॅच्युसेट्सचे लेफ्टनंट गव्हर्नर स्पेन्सर फिप्स यांनी काढलेल्या जाहीरनाम्यात बारा वर्षांवरील पेनॉबस्कॉट पुरुषाच्या टाळूला ४० पौंड, आणि स्त्रीच्या किंवा बारा वर्षांखालील मुलाच्या टाळूला २० पौंड असा दर सरकारनेच ठरवून दिला होता.

तथापि कादंबरीच्या अखेरीस साकनिसचे कूळ उत्तरेकडे निघून जाते. मॅट अटीनला वडिलांनी सोपवलेले घड्याळ देतो, अटीन त्याच्याजवळ आपला कुत्रा ठेवतो, आणि जमीन विनातक्रार मॅटच्या कुटुंबाकडे राहते. या हृद्य निरोपात अन्यायाचे ओझे हलके करण्याची सोय आहे. लुईझ अर्ड्रिच यांच्या ‘द बर्चबार्क हाउस’ (१९९९) या कादंबरीत ही सोय नाही: १८४७च्या सुमारास सुपीरियर सरोवरातील बेटावर राहणारी ओमाकायस ही ओजिब्वे मुलगी स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत वाढते, देवीच्या साथीत आप्त गमावते आणि ओल्ड टॅलो या करारी वृद्धेच्या मायेचा आधार घेते, गोऱ्यांची साक्ष नसली तरी तिचे जीवन अपुरे राहत नाही.

आणि पेनॉबस्कॉट लोक निघून गेलेच नव्हते. आपल्या नावाच्या नदीतील इंडियन आयलंडवर ते आजही आहेत. अमेरिकन काँग्रेसच्या मंजुरीवाचून मूलनिवासींची जमीन घेता येणार नाही, असा १७९०चा कायदा असूनही १७९६ आणि १८१८ सालचे करार तशा मंजुरीविना झाले होते, हे दाखवून त्यांनी व पासामाक्वॉडी जमातीने मेनच्या सुमारे दोन-तृतीयांश भूमीवर दावा सांगितला. त्यातून १९८० साली तडजोडीचा कायदा होऊन, या दोघांसह मॅलिसीट जमातीसाठी ८ कोटी १५ लाख डॉलर मंजूर झाले. गोऱ्यांची कागदपत्रे आपल्या नातवाला वाचता यावीत, म्हणजे न कळता जमीन गमवावी लागणार नाही, हाच तर साकनिसचा हेतू होता. स्पीअर यांनी त्याच्या तोंडी ही मागणी घातली, पण कथेच्या शेवटी तिचा पाठपुरावा केला नाही. तो पुस्तक छापले जाण्यापूर्वी तीन वर्षे त्याच्या लोकांनी स्वतःच पुरा केला होता.